'याड लागलं': उजनीकाठच्या एका चालीचा प्रवास

'याड लागलं' हे नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' चित्रपटातील चार गाण्यांपैकी एक. गीत आणि संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचे, आवाज अजय गोगावले यांचा. चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. त्यातल्याच 'झिंगाट'ने चित्रपटगृहे नाचवली, तर 'याड लागलं' संथ प्रेमगीत असूनही त्याच्याइतकेच दूर पोचले. मराठी चित्रपटगीतांत इतक्या कमी वर्षांत इतक्या वेगवेगळ्या गळ्यांत आणि वाद्यांवर गेलेली गाणी मोजकीच असतील.

गाण्याची भूमी उजनी जलाशयाच्या काठाची आहे. मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू माळशिरस तालुक्यातील अकलूजची, आणि चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण करमाळा तालुक्यातले. समोरच्या काठावर पुणे जिल्ह्याचा इंदापूर तालुका लागतो. पुणे-सोलापूर महामार्गावरचे पळसदेव याच काठावर आहे. भीमेवरच्या उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू होऊन १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि पळसदेवचे जुने गाव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर तिथेच राहिले. जलाशय खूप उतरला की ते उघडे पडते. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून अधिक, मृतसाठा आहे. त्यामुळे पाणी मृतसाठ्यात उतरले की म्हटले जाणारे 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य इंदापूर-करमाळ्यात दर दुष्काळी उन्हाळ्यात ऐकू येते. 'सैराट' प्रदर्शित झाला तो उन्हाळा असाच होता. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

हा तपशील गाण्यापासून लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. चित्रपटाचा नायक परश्या मच्छीमाराचा मुलगा आहे आणि नायिका आर्ची बागायतदार, राजकारणी घरातली. दोघांची घरे एकाच पाण्यावर जगतात. उपशाच्या पाण्यावर ऊस आणि केळी उभी राहिली, साखर कारखानदारी वाढली आणि तिच्याबरोबर गावातली सत्ताही. त्याच पाण्यात चिलापी, कटला, रोहू धरणारी कुटुंबे मात्र काठावरच राहिली. त्यांची मासळी भिगवणच्या बाजारात जाते. धरणाने एका घराला जमिनीचे आणि दुसऱ्याला जाळ्याचे जगणे दिले, जातीची उतरंड मात्र दोघांमध्ये होती तशीच ठेवली. 'याड लागलं'मधला उल्हास या दोन घरांमधल्या अंतरावर उभा आहे. म्हणून चित्रपटाचा शोकान्त शेवट ठाऊक असलेल्या श्रोत्याला हे गाणे नुसते गोड लागत नाही.

अजय-अतुल यांचे बालपण वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे पुणे जिल्ह्यातील वेगवेगळ्या गावांत गेले. बँडपथके, गोंधळ, भजने आणि इळैयाराजांचे संगीत यांतून त्यांचा कान घडला. 'विश्वविनायक' या गणेशस्तुतीच्या अल्बमने त्यांचे नाव झाले, 'अगं बाई अरेच्चा' आणि 'जत्रा'ने ते घराघरांत पोचवले, आणि 'जोगवा'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'मध्ये त्यांनी एक धाडस केले. पार्श्वसंगीतातला आणि गाण्यांतला पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग त्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्टुडिओच्या स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला. ही वास्तू पूर्वी एमजीएमची होती आणि 'द विझर्ड ऑफ ऑझ'चे (१९३९) संगीत तिथेच मुद्रित झाले होते. तंतुवाद्यांचा मोठा ताफा, ब्रास, वुडविंड आणि हार्प यांच्या साथीने करमाळ्याच्या बोलीतले शब्द ऐकू यावेत, ही कल्पना कागदावर विजोड दिसते. प्रत्यक्षात वाद्यवृंद त्या बोलीला शहरी वळण लावत नाही. तो तिच्याखाली जागा रुंद करतो आणि अजय यांचा वरच्या पट्टीतला मोकळा आवाज त्या जागेत पसरतो. गाण्याचे खरे यश इथे आहे. मराठी चित्रपटात ग्रामीण बोलीला बहुतेकदा लावणी, लोकगीत किंवा विनोद एवढीच दालने उघडी असत. इथे तिला सिंफनीच्या तोलाचे प्रेमगीत मिळाले.

यशापाठोपाठ चित्रपटाच्या पुनर्निर्मितीची रांग लागली. २०१७ मध्ये कन्नडमध्ये एस. नारायण यांचा 'मनसु मल्लिगे' आला. त्यात रिंकू राजगुरूनेच पुन्हा नायिका साकारली आणि संगीतही अजय-अतुल यांचेच होते. त्याच वर्षी पंजाबीत 'चन्ना मेरेया' आणि ओडियात 'लैला ओ लैला', पुढच्या वर्षी बंगालीत 'नूर जहाँ' निघाला. शशांक खेतान दिग्दर्शित हिंदी 'धडक' २० जुलै २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यात 'याड लागलं'ची चाल 'पहली बार' या नावाने आली. गायक पुन्हा अजय गोगावले, शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. मराठी चाल हिंदीत नेण्याचे काम या गीतकाराने अजय-अतुल यांच्यासाठी आधीही केले होते. 'जत्रा'मधल्या 'कोंबडी पळाली'ची 'चिकनी चमेली' झाली ती 'अग्निपथ'मध्ये (२०१२), भट्टाचार्य यांच्याच शब्दांत.

'याड लागलं' आणि 'पहली बार' ही दोन्ही रूपे पाठोपाठ ऐकली तर हिंदीत कुठे काही सुटले आहे ते समजते. चाल तीच, आवाज तोच, वाद्यवृंदाची भव्यताही तीच. पण कथा उदयपूरच्या तळ्याकाठी आणि हवेल्यांमध्ये गेली, जातीचा प्रश्न पुसट झाला आणि शब्द हिंदी चित्रपटगीतांच्या परिचित प्रेमभाषेत आले. मराठी गाण्यात अल्लड पोराची बोलताना अडखळणारी भाषा होती; हिंदीत सराईत प्रियकर बोलतो. 'पहली बार' वाईट गाणे नाही. मात्र ते कुठल्याही गावाचे होऊ शकते, आणि 'याड लागलं' तसे होऊ शकत नाही.

एका चालीवर दुसरे शब्द बसवणे मराठीला नवे नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'ची (१८८२) पदे लोकांच्या ओठांवरच्या चालींवर बेतलेली होती. पुढे संगीत नाटकांनी उत्तरेकडच्या ठुमऱ्या आणि बंदिशींवरून नाट्यपदे घडवली. सत्यशोधक जलशांनी तमाशाच्या चाली घेतल्या, आंबेडकरी गायकांनी लोकगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या. भजनी मंडळांच्या वह्यांत अभंगाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून एखाद्या गाजलेल्या गाण्याचा पहिला शब्द दिलेला असतो. 'सैराट'ची गाणीही याच वाटेने गेली. देवीची गाणी, जयंतीची गाणी आणि निवडणुकीतली प्रचारगीते त्यांच्या चालींवर निघाली. मूळ गाणे शब्दासकट जपावे असा आग्रह या परंपरेने कधी धरला नाही. तिच्या लेखी चाल वापरली जाणे हाच चालीचा मान.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने ठरावीक मोबदला भरून दुसऱ्याचे गाणे ध्वनिमुद्रित करण्याची वाट खुली केली. बीटल्सचे 'यस्टरडे' (१९६५) असंख्य गायकांनी मुद्रित केले ते या व्यवस्थेत. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील अशाच एका तरतुदीच्या आधारे ऐंशीच्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या आवाजातील स्वस्त कॅसेटींचा पूर आला. २०१२ च्या दुरुस्तीने ती तरतूद काढून कलम ३१-सी घातले. मूळ ध्वनिमुद्रण झाले ते वर्ष संपल्यावर पाच पूर्ण वर्षे जायला हवीत आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन भरायला हवे. शब्दांत किंवा चालीत, मालकाच्या संमतीने आधी झालेला नसेल असा बदल, तांत्रिक गरज सोडून, करता येत नाही. या कलमाखाली 'याड लागलं' पुन्हा गाता येईल, पण त्याच्या चालीवर देवीचे गाणे रचून मुद्रित करता येणार नाही. भजनी वहीतली शतकभराची रीत या चौकटीत बसतच नाही. कायद्याने इथे जनरीत नीट पाहिलेली नाही.

लग्नाच्या बाबतीत मात्र पाहिली आहे. कलम ५२ च्या एका पोटकलमानुसार धार्मिक विधी आणि सरकारी समारंभांत गाणे सादर करणे हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ धार्मिक विधीतच धरले आहेत. त्यामुळे इंदापूर-करमाळ्यातल्या ब्रास बँडला किंवा बँजो पार्टीला 'याड लागलं' वाजवायला परवाना लागत नाही. बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट गायकाची ओळ घेते. बँजो पार्टीत ती ओळ बँजोच्या तारांवर येते, कीबोर्ड व्हायोलिनच्या ताफ्याची जागा भरतो आणि ताशा-ढोलामुळे लय वाढते, कारण वरातीला नाचायचे असते. स्कोअरिंग स्टेजवर बांधलेला डोलारा गळून पडतो आणि चाल तेवढी उरते. ती शब्दांवाचून आणि वाद्यवृंदावाचूनही पहिल्या सुरांत ओळखू येते.