शिट्टी टेक्सासला ऐकू येत नाही

१९६२ साली इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी सहा पौंड भांडवलावर, घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून सॉफ्टवेअरची कंपनी काढली. कामं मागणारी पत्रं धाडली, पण उत्तरं येईनात. नवऱ्याने सुचवलं, सही ‘स्टेफनी’ऐवजी ‘स्टीव्ह’ करून बघ. उत्तरं यायला लागली. पुढे मूल झालं आणि नवी पंचाईत उभी राहिली. इकडे गिऱ्हाइकाचा फोन यायचा आणि तिकडे बाळ टाहो फोडायचं. बाईंनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी टाइपरायटरच्या खडखडाटाची एक टेप करून ठेवली. फोन आला की मागे ती टेप लावायची. पलीकडच्या साहेबाला वाटायचं, काय कामाचं ऑफिस आहे!

साताऱ्यात माझ्या भाचीच्या टेबलावर टेप नाही, पण अडचण तीच आहे. संध्याकाळी साडेसहाला तिची शिफ्ट सुरू होते आणि पावणेसातला तिच्या सासूबाई कुकर लावतात.

भाची टेक्सासमधल्या एका दंतवैद्याची सहायक आहे. तिचं पद ‘व्हर्च्युअल असिस्टंट’, पण या धंद्यातली माणसं नुसतं ‘व्हीए’ म्हणतात. (मोबाइलमध्ये बोलणाऱ्या त्या यंत्रबाईलाही हेच नाव आहे. त्यामुळे भाचीच्या आजेसासऱ्यांची अजून समजूत आहे की नातसून अलेक्सासारखं काहीतरी बनते.) दवाखान्यात खुर्ची, यंत्रं, डॉक्टर आणि पेशंट आहेत. फोन घेणारी, तारखा देणारी, विम्याची भांडणं भांडणारी बाई मात्र साताऱ्यात आहे.

शर्लीबाईंना घर झाकायला आवाज वाढवावा लागला. भाचीच्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर आवाज वजा करतं. माणसाच्या बोलण्याचे आणि बिनकामाच्या गोंगाटाचे ढीगभर नमुने ऐकवून त्याला तयार केलेलं असतं. सेकंदाचे बारीक बारीक तुकडे करून ते प्रत्येक तुकड्यात ‘हे बोलणं, ते बोलणं नव्हे’ अशी निवड करतं आणि नको ते पुसतं. गव्हातले खडे निवडावेत तशी ही निवड चालते, आणि तीही वाक्य संपायच्या आत. मी स्वतः शेजारी बसून पाहिलं आहे. माझ्या कानाजवळ कुकर कोकलत होता आणि पलीकडची पेशंट शांतपणे आपल्या अक्कलदाढेचं गाऱ्हाणं सांगत होती.

ती पेशंट टेक्सासचाच नंबर फिरवते. पूर्वी नंबर म्हणजे एका ठरावीक भिंतीतून आलेली तार असायची. आता तो नुसता पत्ता आहे, आज साताऱ्यात वाजेल, उद्या सांगलीत. तिच्या आवाजाचे सेकंदाला साधारण पन्नास तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता चिकटतो आणि ते समुद्रतळाच्या काचेच्या तंतूंमधून प्रकाश होऊन सुटतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वळसे घेत वीस हजार किलोमीटरची वाट धरली तरी जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पापणी लवायलाही तेवढा वेळ लागतो. बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढ्या जाडीच्या केबलवर हा सगळा संसार उभा आहे, हे २००८च्या जानेवारीत सगळ्यांना कळलं. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या आणि भारताची निम्म्याच्या आसपास इंटरनेट क्षमता एका दिवसात गेली.

प्रकाशाने अंतर खाल्लं, पण सूर्य काही ऐकत नाही. टेक्सासमध्ये सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका आपली घड्याळं तासभर पुढे ढकलते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. साताऱ्याच्या उन्हाला याचा पत्ताही नसतो, पण त्या दोन रविवारांनंतर भाचीच्या घरी भाकरीची वेळ बदलते. तिची एक मैत्रीण अॅरिझोनातल्या क्लायंटचं काम करते. त्या राज्याचा बहुतेक भाग हा घड्याळांचा खेळ खेळतच नाही. “तिचं बरंय मामा,” भाची म्हणते, “तिच्या घरी बारा महिने एकाच वेळेला जेवतात.”

मला वाटायचं, हे काम म्हणजे फोन उचलणे आणि गोड बोलणे. एका रात्री तिच्या शेजारी बसलो तेव्हा माझा गैरसमज गेला. पडद्यावर दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांची यादी होती आणि प्रत्येकापुढे आकडे. डी १११० म्हणजे मोठ्या माणसाच्या दातांची सफाई. डी २७४० म्हणजे सिरॅमिकची कॅप. दातांनाही नावं नाहीत, नंबर आहेत: अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून एक सुरू होतो आणि फेरा मारून खालच्या उजव्या अक्कलदाढेला बत्तीसवर संपतो. “हा तीस,” म्हणत भाचीने आपल्या खालच्या उजव्या दाढेवर बोट ठेवलं. एका गृहस्थांना त्याच तिसाव्या दातावर नवी कॅप हवी होती. बऱ्याच विमा पॉलिसी एकाच दाताच्या कॅपचे पैसे पाच वर्षांत एकदाच देतात. आधीची कॅप कधी बसली हे शोधायला ती विमा कंपनीच्या फोनवर पाऊण तास संगीत ऐकत बसली. तेवढ्यात तिने मेथी निवडून टाकली. तारीख मिळाली तेव्हा पाच वर्षं भरायला अकरा दिवस कमी होते. तिने डॉक्टरला एका ओळीचा निरोप टाकला: दोन आठवडे थांबू या का? डॉक्टरचा अंगठा आला. त्या गृहस्थांचे काही शे डॉलर वाचले आणि आपल्यासाठी साताऱ्यात कोणी मेथी निवडत हिशेब केला हे त्यांना कधीच कळणार नाही.

पण मला खरं नवल वाटतं ते पहिल्या महिन्याचं.

एकाच खोलीत बसणारा सहायक साहेबाच्या भुवया वाचतो. साहेबाने घड्याळाकडे पाहिलं की पाहुण्याला उठवायचं, हे त्याला कोणी शिकवत नाही. बाळाजी आवजी चिटणिसांची गोष्ट आपल्याकडे सांगतात. शिवाजी महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितलं होतं, दिवसभरात सवड झाली नाही आणि रात्री महाराजांनी ते वाचायला लावलं. बाळाजींनी कोरा कागद समोर धरला आणि पत्र घडाघडा वाचून दाखवलं. मशालजीला हसू फुटलं म्हणून गुपित उघडं पडलं. दरबारात इतकी वर्षं जवळून ऐकल्यावर धन्याच्या मनातला मजकूर कागदावाचून वाचता येत असेल.

साताऱ्यातून टेक्सासची भुवई दिसत नाही. म्हणून त्या डॉक्टरला आयुष्यात पहिल्यांदा आपलंच काम लिहून काढावं लागलं. कोणता फोन लगेच द्यायचा आणि कोणता उद्यावर टाकायचा, दात दुखतोय म्हणणाऱ्याला पहिले तीन प्रश्न कोणते विचारायचे, कुठला पेशंट वेळ पाळत नाही म्हणून त्याला अर्धा तास आधीची वेळ सांगायची. व्हीए या कागदांना ‘एसओपी’ म्हणतात. कित्येक क्लायंट लिहायचा कंटाळा करतात आणि काम करतानाचा आपला पडदाच रेकॉर्ड करून पाठवतात. मग लिहिण्याचं काम व्हीएकडे येतं. भाचीच्या फाइलची आता साठ पानं झाली आहेत. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपण करतो हे डॉक्टरलाच माहीत नव्हतं, असं ती डोळे मिचकावत सांगते. चिटणीस लिहिलेल्याकडून कोऱ्या कागदाकडे गेले, व्हीएचा प्रवास कोऱ्याकडून लिहिलेल्याकडे सुरू होतो. मात्र वर्षभराने ती फाइल फारशी उघडत नाही.

विश्वासाचंही असंच. पूर्वी घरच्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला हे घर बघायचं. इथे जुडगा एकदम मिळत नाही. जीमेलमध्ये पासवर्ड न देताही दुसऱ्याला आपलं टपाल उघडू देता येतं. कॅलेंडरात ‘फक्त बघ’ आणि ‘बदल’ अशा दोन वेगळ्या परवानग्या असतात. पासवर्ड सांभाळणारी सॉफ्टवेअर तो न दाखवता लॉगिन करू देतात. त्यात पेशंटची माहिती म्हटली की अमेरिकेचा १९९६चा कायदा आड येतो, त्यासाठी वेगळा करार होतो. भाचीला आधी कॅलेंडर मिळालं, दोन महिन्यांनी टपाल, वर्षाने बिलं. गेल्या दिवाळीला डॉक्टरच्या बायकोच्या वाढदिवसाची फुलं तिने मागवली. हे काम कुठल्याच करारात नव्हतं.

अमेरिकी पत्रकार ए. जे. जेकब्ज यांनी २००५ साली यावर एक धमाल प्रयोग करून ‘एस्क्वायर’ मासिकात लिहिला होता. आपलं ऑफिसचं आणि घरचं काम त्यांनी भारतातल्या दूरस्थ सहायकांकडे सोपवलं. ईमेल, खरेदी, संशोधन तर झालंच, बायकोशी वाद झाल्यावर माफीचा मजकूरही भारतातून गेला. कळस म्हणजे एका व्यवहाराची काळजी करत बसण्याचं कामही त्यांनी बंगळुरूच्या सहायक मुलीला दिलं आणि तिने ते आनंदाने घेतलं. टिम फेरिस यांनी २००७च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात हा लेख घेतला आणि ‘आपलाही एक व्हीए असावा’ हे वेड छोट्या धंदेवाल्यांत पसरायला हातभार लागला. लेख वाचताना मी पोट धरून हसलो. मग मनात आलं, तिची स्वतःची काळजी ती कोणाला देत असेल?

कारण या नवलाला दुसरी बाजू आहे. डॉलरमधला जो तास तिकडे स्वस्त, तो इकडे रुपयांत चांगला पडतो, त्या फरकावर सगळं चाललंय. पण पगारी रजा नाही, पीएफ नाही आणि क्लायंट एका ईमेलवर जाऊ शकतो. भाचीने सुरुवात अपवर्क या कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर केली. तिथे तासावर काम घेतलं की साधारण दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो निघतो, कळा किती दाबल्या तेही मोजलं जातं. शर्लीबाईंची पद्धत मला जास्त सभ्य वाटते. त्यांच्या पहिल्या तीनशे माणसांत २९७ बायका होत्या, बहुतेक घरी बसून काम करणाऱ्या. पेन्सिलीने कागदावर प्रोग्रॅम लिहायचा आणि टपालाने पाठवायचा. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग असं घरोघरी झालं. कोणती बाई किती वेळ खुर्चीत बसली हे कोणी मोजत नव्हतं, काम बरोबर आलं की झालं. १९७५मध्ये ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्धचा कायदा झाला आणि या कंपनीला पुरुषांनाही घ्यावं लागलं, ही त्यातली गंमत.

परवा भाचीकडे ऐन शिफ्टमध्ये लाइट गेली. लॅपटॉप मान टाकायला आला, तसा तिने फोन मोबाइलवर घेतला आणि रेंज बरी मिळते म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन उभी राहिली. मोबाइलमध्ये ते निवड करणारं सॉफ्टवेअर नव्हतं. पलीकडे दातांच्या सफाईसाठी फोन केलेल्या एक आजीबाई होत्या. तेवढ्यात कुकरने तीन शिट्ट्या दिल्या.

आजीबाई थबकल्या. “तुमच्या तिथून रेल्वे जाते का गं?”

“नाही,” भाची म्हणाली, “डाळ शिजतेय.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग आजीबाईंनी विचारलं, कसली डाळ. भाचीने तुरीची डाळ सांगितली, फोडणी सांगितली, आणि गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ लिहून घेतली.