अंगात मुरलेला मूकपट

भगवान आभाजी पालव हे नाव आज किती जणांना ओळखू येईल? पण ‘भगवानदादा’ म्हटलं, की हात हलकेच हलवत, जागच्या जागी डुलणारा एक गुटगुटीत माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘अलबेला’ १९५१चा, बोलपटाच्या भरातला. त्यातलं ते डुलणं मात्र मूकपटातून आलेलं आहे, असं मला नेहमी वाटतं.

१९१३ साली अमरावतीत जन्मलेला हा गिरणी कामगाराचा मुलगा मुंबईत वाढला. मजुरी करता करता सिनेमात शिरला आणि पहिली कामं मिळाली ती मूकपटांत. तिथं जिभेचा उपयोग नव्हता. हसवायचं ते चालण्यातून, धडपडण्यातून, चेहऱ्यावरून. चॅप्लिन याच भांडवलावर जगभर पोचला होता. १९३१ला ‘आलमआरा’ आला, पडदा बोलू लागला, पण भगवान मागं पडले नाहीत. १९३४ला ‘हिम्मत-ए-मर्दां’ हा बोलपट केला, १९३८ला ‘बहादूर किसान’पासून दिग्दर्शनात उतरले. पुढं कमी खर्चाचे मारधाडपट काढले. त्यांचा प्रेक्षक कष्टकरी.

आमच्या बेडश्याचं नातं इथं जुळतं. पवन मावळातली माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत जात. माझे थोरले चुलते त्यांतलेच. हिंदी त्यांना अर्धीमुर्धी कळे, भगवान मात्र पुरता कळे. ‘अलबेला’तला प्यारेलाल घर सोडून नट होतो, घरी पैसे पाठवतो आणि ते मधल्यामध्ये गडप होतात. मनीऑर्डरकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

‘अलबेला’नं पैसा दिला. चेंबूरला स्टुडिओ होता, जुहूला बंगला झाला, मोटारी आल्या. नंतरचे चित्रपट कोसळले आणि सगळं एकेक करून गेलं. माझी उभी नोकरी बँकेत लोकांचं तारण मोजण्यात गेली. घर गहाण पडतं, दागिने पडतात, पण अंगातली लय कुठल्या सावकाराला ठेवून घेता येते? दादरच्या चाळीत राहून भगवानदादा मिळतील त्या किरकोळ भूमिका करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले.

आपल्याकडे हजारावर मूकपट निघाले, त्यांतले अगदी मोजके उरलेत. भगवानदादांची ती लय मात्र आजही बेडश्याच्या विसर्जन मिरवणुकीत दिसते. नाचणाऱ्या पोरांना नाव ठाऊक नसतं, एवढंच. आपल्या घरातल्या मुलांना ते सांगायला हवं. एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून ‘अलबेला’ पाहा आणि एका गाण्यापुरता आवाज पूर्ण बंद करा. बघा, तरीही मुलं हसतात की नाही!