पुलाची जागा आणि पुलाभोंवतालची जमीन

नदीवर पूल बांधावयाचा म्हटला म्हणजे आपल्याकडे दोनच हिशेब मांडले जातात: खर्च किती व जमीन किती जाणार. फुलंब्री तालुक्यांत गिरिजेवर पूल योजतांना एवढ्यानें भागणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. पूल नको असें आम्हीं म्हणत नाहीं. पावसाळ्यांत ज्यांचीं मुलें शाळेस व ज्यांचा माल बाजार समितीस मुकतो, त्यांस पूल हवाच.

गिरिजा खुलताबादच्या डोंगरांतून येसगांवच्या धरणाखालून येते व पुढें पूर्णेस मिळते. तिच्या कांठच्या काळ्या जमिनींत कापूस व मका. आणि जेथें विहीर आहे तेथें अद्रक. ही विहीर बहुधा नदीच्या अगदीं कडेस असते, कारण झरा तेथेंच लागतो. म्हणून पुलाच्या भरावाखालीं विहीर गेली तर कागदावर चार-दोन गुंठे जातात. प्रत्यक्षांत तिच्यावरचें सारें बागाईत एका दिवसांत जिराईत होतें! उंच भराव पुराचें पाणी तुंबवून वरच्या शेतांत लोटतो तें निराळेंच. वर्षांतून सातआठ महिने कोरड्या पात्रांतून गुरें व मजूर जे-ये करतात, ती वाट तर कोणत्याच नकाशांत नसते.

सातबारा काय सांगतो? नमुना 7 मालकी सांगतो, नमुना 12 पीक. 2021 पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवर करूं शकतो. परंतु बटईनें कसणाराचें नांव त्यांत क्वचितच सांपडतें. भूसंपादनाचा 2013 चा कायदा, तीन वर्षें त्याच जमिनीवर पोट भरणाऱ्या बटईदारास व शेतमजुरास बाधित कुटुंब मानतो. हक्क आहे, पण पुरावा कोठून आणावा? त्यांतून जमीन राष्ट्रीय महामार्गाच्या 1956 च्या कायद्यानें घेतली, तर 2015 पासून मोबदला नव्या कायद्याप्रमाणें मिळतो. सामाजिक परिणामांची चौकशी मात्र सक्तीची नाहीं. म्हणजे विचारणाराच कोणी नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 21.8 किलोमीटरचा अटल सेतु 12 जानेवारी 2024 रोजीं खुला झाला. त्याचे बहुतेक खांब खाडींत आहेत. तरी त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गांवें नव्या नगराच्या नियोजनासाठीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेलीं. गिरिजेचा पूल त्यापुढें चिमुकला खरा. तथापि पुलाच्या तोंडाशीं भूखंड पाडण्याची घाई येथेंही होईल, आणि आज रस्त्याकांठीं ज्याचें दुकान चालतें त्याचें गिऱ्हाईक उद्यां वरूनच निघून जाईल.

यास्तव पुलाची रेषा ठरण्यापूर्वीं दोन्ही कांठांच्या विहिरी, बटया, चराईचीं गायरानें व पायवाटा यांची यादी करून ती ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली जावी. ही पाहणी खरीप व रबी अशा दोन्ही हंगामांत व्हावी. भर उन्हाळ्यांत आलेल्या अधिकाऱ्यास अद्रकीचें शेत खणून मोकळें झालेलें दिसेल, व तो त्याची नोंद पडीक म्हणून करील.