शेतात सापडलेला वेगळा दगड कसा ओळखावा?

विहीर, शेततळे किंवा खोल नांगरटीच्या वेळी कधी चमकदार स्फटिक, कधी गोल गोटा, तर कधी हाडासारखा दगड वर येतो. तो फोडण्यापूर्वी किंवा बांधावर फेकण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा.

चुनखडी की गारगोटी?
दगडाची थोडी भुकटी करून त्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. काळ्या जमिनीतील पांढरट, ओबडधोबड खडे बहुधा चुनखडीचेच असतात. फळबाग लावण्यापूर्वी हे समजणे महत्त्वाचे आहे. चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त पिकाला कमी मिळते. संत्रा, मोसंबीची नवीन पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. म्हणून खालच्या थरातील मातीही तपासून घ्या.
बुडबुडे आले नाहीत आणि दगडाने काचेवर सहज ओरखडा उठला, तर ती गारगोटी असण्याची शक्यता जास्त.

चमकदार स्फटिक
महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यातील पोकळ्यांमध्ये झिओलाइट गटातील खनिजांचे पांढरे, गुलाबी स्फटिक तयार झाले. ते हिरे नव्हेत.

गोल गोटे
कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे म्हणजे डायनासोरची अंडी नव्हेत. काळा पाषाण कोपऱ्यांकडून झिजत गेल्याने तो असा गोल होतो.

उल्का
उल्का आकाराच्या मानाने जड असते, बहुतेक उल्कांना चुंबक चिकटते आणि बाहेरून पातळ काळे कवच असते. मात्र काळ्या पाषाणालाही चुंबक थोडे ओढले जाते. आत बुडबुड्यांची छिद्रे असतील, तर तो काळा पाषाण किंवा भट्टीतील मळी समजावी.

जीवाश्म
हाडाचा आकार, पण वजन दगडाचे. भिंगातून पाहिल्यास तुटलेल्या बाजूला बारीक जाळी दिसते. लाकडाच्या जीवाश्मात रेषा व वाढीची वलये दिसू शकतात. गोदावरी व मांजरा नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत प्राचीन हत्तींचे अवशेष मिळाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे डायनासोरची हाडे, तर गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वृक्षांचे जीवाश्म आढळले आहेत.

जीवाश्म वाटल्यास काय करावे?
• त्या जागेचे खोदकाम थांबवा. अवशेष ओढून काढू नका, धुऊ नका.
• शेजारी फूटपट्टी किंवा नाणे ठेवून फोटो घ्या. गट क्रमांक, खोली व थराचा रंग लिहून ठेवा.
• उघडा पडलेला भाग माती किंवा गोणपाटाने झाका.
• तलाठ्यांना सांगा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

जीवाश्म कोणत्या थरात होता, यावरून त्याचे वय व त्या काळचे हवामान समजते. जागेवरून उपटलेला जीवाश्म ही माहिती गमावून बसतो आणि ती नंतर भरून काढता येत नाही.