तीन फायलींचा खटला

युनिक्स ही संगणक चालवणारी कार्यप्रणाली जन्मली १९६९ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी, आणि १९५६च्या मक्तेदारीविरोधी तडजोडीने तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्याला मज्जाव. त्यामुळे सोर्स कोडसकट युनिक्स विद्यापीठांना स्वस्तात मिळाली. बर्कली विद्यापीठातल्या बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७८पासून आपल्या सुधारणांची टेप वाटायला सुरुवात केली, तीच बीएसडी. टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेटचे मूलभूत नियम, १९८३च्या बीएसडीतूनच विद्यापीठांत पसरले.

१९८४ला कंपनीवरचे निर्बंध उठले आणि परवान्याचे दर चढू लागले. मग बर्कलीच्या कीथ बोस्टिकने एक अचाट उद्योग आरंभला. युनिक्समधला एकेक छोटा उपयोगी प्रोग्राम, मूळ कोड न बघता, फक्त तो काय करतो याच्या वर्णनावरून स्वयंसेवकांनी नव्याने लिहून द्यायचा. मोबदला? यादीत प्रोग्रामच्या नावाशेजारी तुमचे नाव. बस्स! तरी दीड वर्षात जवळपास सगळे काम उरकले. पुढे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाही, फाईलगणिक तपासला, तेव्हा एटी अँड टीच्या कोडपासून सोडवता न येणाऱ्या फायली उरल्या अवघ्या सहा. त्यांच्या जागी नव्या फायली लिहून १९९२मध्ये ३८६बीएसडी घरगुती पीसीवर आली.

त्याच वर्षी एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीवरून खटला भरला. १९९४मध्ये तो मिटला तेव्हा सुमारे १८ हजार फायलींपैकी वगळाव्या लागल्या तीन. पण मधल्या काळात बीएसडीच्या वाटेला जायला लोक कचरले आणि लिनक्स या युनिक्ससारख्याच दुसऱ्या मोफत प्रणालीने मैदान मारले. ३८६बीएसडी वेळेवर मिळाली असती तर लिनक्स बहुधा लिहिलीच नसती, असे तिचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने खुद्द म्हटले आहे. गुणवत्तेपेक्षा कोर्टाच्या तारखांनी हा निकाल लावला, असे माझे मत.

तरी बीएसडी संपली नाही. १९९३मध्ये सुरू झालेली फ्रीबीएसडी आजही जोमात आहे. मॅकओएसमध्ये तिचा कोड आहे, प्लेस्टेशन ४ तिच्यावर बेतलेले आहे, नेटफ्लिक्सचे चित्रपट पाठवणारे सर्व्हर तीच चालवते. दोघींच्या परवान्यांत मात्र फरक आहे. लिनक्समध्ये बदल करून ती वाटली, तर बदलांचा कोडही द्यावा लागतो. फ्रीबीएसडीत तसली सक्ती नाही. मूळ लेखकांचा हक्कनिर्देश शाबूत ठेवला की झाले. फुकटेपणाला मोकळे रान, असे कुणालाही वाटेल. नेटफ्लिक्स मात्र आपल्या बऱ्याच सुधारणा आपणहून परत देते. त्यात स्वार्थ आहेच: बदल स्वतःपाशी दडवले, तर मूळ प्रणाली पुढे सरकेल तसे ते दरवेळी नव्याने जुळवत बसावे लागतात.