समुद्रावरील बचाव आणि बंदराचा प्रश्न

समुद्रात संकटात सापडलेल्या माणसास साहाय्य करणे हा दर्यावर्दी लोकांचा फार जुना धर्म होय. १९१० च्या ब्रुसेल्स कराराने त्यास विधिरूप दिले. आपल्या जहाजास गंभीर धोका नसेल, तर बुडणारा मनुष्य शत्रू असला तरी कप्तानाने त्यास वाचविले पाहिजे, असे त्यात सांगितले होते. आपला ध्वज लावणाऱ्या जहाजांच्या कप्तानांकडून हे कर्तव्य करवून घ्यावे, असे १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातील ९८ वे कलम प्रत्येक राष्ट्रास बजावते. वाचविलेला मनुष्य खलाशी आहे की आश्रयार्थी, हा भेद हे नियम करीत नाहीत.

परंतु वाचविलेल्या माणसांस कोठे उतरवावयाचे, याचे उत्तर इतके स्पष्ट नाही. शोध व बचावविषयक १९७९ च्या करारात २००४ साली दुरुस्त्या झाल्या व २००६ पासून त्या अमलात आल्या. त्यांनुसार, ज्या राष्ट्राच्या बचावक्षेत्रात सुटका झाली असेल, त्याने ती माणसे सुरक्षित स्थानी उतरविण्याची व्यवस्था जुळवून आणावयाची असते. व्यवस्था जुळविणे आणि स्वतःचे बंदर खुले करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय माल्टाने या दुरुस्त्या स्वीकारलेल्याच नाहीत.

या त्रुटीचे परिणाम मध्य भूमध्य समुद्रात दिसून आले. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लॅम्पेडुसा बेटाजवळ एक नौका बुडून ३६० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर इटलीच्या नौदलाने ‘मारे नोस्त्रुम’ मोहीम हाती घेऊन सुमारे एका वर्षात जवळजवळ दीड लाख लोकांस वाचविले. तिचा दरमहा सुमारे ९० लाख युरोंचा भार मुख्यतः एकट्या इटलीवर पडला आणि २०१४ च्या अखेरीस ती आटोपती घेण्यात आली. पुढे स्वयंसेवी संस्थांची जहाजे या कामात उतरली. जून २०१८ मध्ये ‘अॅक्वेरियस’ जहाजावरील सुमारे ६३० लोकांस इटली व माल्टा या दोघांनीही बंदर नाकारले. अखेर स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे त्यांना उतरविण्यात आले. व्यापारी जहाजाच्या बाबतीत असा विलंब म्हणजे मोठा तोटा; त्यामुळे संकटातील नौकेकडे डोळेझाक करण्याचा मोह वाढतो.

माणसांस निघाल्या किनारी परत पोचविणे हाही मार्ग निर्वेध नाही. २००९ साली भर समुद्रात अडविलेल्या आश्रयार्थींस इटलीने त्रिपोलीस नेऊन सोडले होते. हे कृत्य मानवी हक्कांचा भंग करणारे आहे, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ साली हिर्सी खटल्यात दिला.

या कोड्याचे एक उत्तर पूर्वी सापडले होते. व्हिएतनाममधून नौकांनी निघालेल्या निर्वासितांना उतरवून घेण्यास आग्नेय आशियातील राष्ट्रे नाखूश होती. १९७९ साली इतर काही राष्ट्रांनी एकत्र येऊन, ज्या जहाजांच्या ध्वजराष्ट्रांस शक्य नव्हते त्यांनी वाचविलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाची हमी दिली. या हमीमुळे किनाऱ्यावरील राष्ट्रांस बंदर तात्पुरते खुले करणे सुकर झाले.

तात्पर्य, कप्तानाचे कर्तव्य कायद्याने कितीही कठोर केले, तरी ते पार पाडण्याचे त्याचे सामर्थ्य भूमीवरील राष्ट्रांनी भार आधीच वाटून घेण्यावर अवलंबून असते. ती वाटणी झालेली नसेल, तर बुडणाऱ्यांस वाचविणाऱ्यालाच शिक्षा भोगावी लागते.