पाताळगंगेला उन्हाळ्यात पाणी कुठून येते?

मे महिन्यात खालापूर तालुक्यात फिरताना एक विसंगती डोळ्यांत भरते. डोंगरउतारावरचे ओढे होळीच्या आधीच आटलेले असतात. ठाकूरवाडीतल्या, कातकरवाडीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन झरा शोधत खाली उतरत असतात. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला पाताळगंगा मात्र वाहत असते. कर्जतच्या बाजूला पेज नदीची तीच गोष्ट. आजूबाजूची माळराने करपलेली, पण राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात हिरवागार उभा.

हे पाणी झऱ्याचे नाही. ते एका कंपनीच्या वीजघरातून बाहेर पडलेले पाणी आहे. मोठे उद्योग सरकारवर आणि समाजावर प्रभाव कसा टाकतात, हा प्रश्न आपण बहुधा दिल्लीच्या, निवडणुकीच्या आणि देणग्यांच्या संदर्भात विचारतो. कर्जत-खालापुरात तो नदीकाठी उभे राहून विचारता येतो आणि पाण्याच्या मागे मागे चालत गेले की उत्तरही बरेचसे मिळते.

आधी वर घाटावर जाऊ. लोणावळ्याच्या परिसरात पाऊस प्रचंड पडतो, पण जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे. कड्यापासून दोन-चार किलोमीटर आत पडलेला पाऊस कोकणात न उतरता इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. हे पाणी माथ्यावरच अडवायचे आणि बोगद्यातून, नळांतून कड्याखाली कोकणात सोडायचे, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ मध्ये वारले. पुढे दोराबजींनी भांडवलासाठी लंडनचे दरवाजे ठोठावले. तिथे ते जमले नाही, तेव्हा देशातल्या संस्थानिकांनी आणि धनिकांनी पैसा उभा केला. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वळवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. वीज खालापूरच्या शेतांवरून तारांनी परळला गेली, गिरण्यांसाठी. १९२२ मध्ये आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी कर्जत तालुक्यात भिवपुरीला उतरले, आणि १९२७ मध्ये मुळशीच्या धरणाचे पाणी रायगड जिल्ह्यातल्याच भिऱ्याला.

यातले गणित समजून घ्यायला हवे, कारण सगळा प्रभाव त्या गणितावर उभा आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी पाचशे मीटर उंचीवरून सोडले तर त्यातून साधारण १.२ युनिट वीज निघते. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. तेव्हा खोपोलीसारख्या उंचीवर एक टीएमसी पाण्याची सुमारे ३ कोटी ४० लाख युनिट वीज होते. तेच पाणी धरणाच्या पूर्वेला सोडले तर त्यावर ज्वारी, ऊस, पिण्याच्या योजना चालतात, पण त्या उंचीची वीज मिळत नाही. पाण्याची किंमत ते कोणत्या बाजूला उतरते यावर ठरते. आणि कोणत्या बाजूला उतरायचे हे निसर्गाने नव्हे, परवान्याने ठरवले.

धरणाला दरी लागते आणि दरीत माणसे राहतात. टाटांना ती जमीन बाजारात एकेका शेतकऱ्याकडून विकत घेत बसावे लागले नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी एक स्वतंत्र भागच होता. काम 'लोकांना उपयोगी' ठरेल अशी सरकारची खात्री पटली आणि कंपनीने सरकारशी करार केला, की कलेक्टर आपल्या अधिकाराने जमीन घेऊन ती कंपनीच्या हवाली करू शकत असे. पैसा कंपनीचा, सक्ती सरकारची. मोठ्या उद्योगाच्या प्रभावाचे मूळ मला इथे दिसते. लाच, भ्रष्टाचार हे विषय पुढचे. कायद्याच्या चौकटीत राहूनच एका खासगी कंपनीला सरकारचा हात वापरता येत होता. मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा वाचतो, धूर कमी होतो, ही सार्वजनिक उपयोगाची कारणे खोटीही नव्हती. फक्त उपयोग मुंबईला होता आणि घर मावळातल्या शेतकऱ्याचे बुडत होते.

मुळशीच्या धरणाविरुद्ध तिथल्या मावळ्यांनी १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. हा लढा टिकला नाही त्यामागे सरकारी दडपण होते, तसे आणखी एक कारण होते, आणि ते आजही पाहायला मिळते. जमिनीवर सावकारांचा हक्क होता आणि त्यांतले अनेक जण पुण्यात राहत होते. कसणाऱ्या मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराला चांगला मोबदला पुरेसा होता. एकाच जमिनीच्या दोन हक्कदारांचे हित वेगळे असले की कंपनीला बोलणी करायला कोणीतरी नेहमी सापडते. आज कर्जतमध्ये सातबाऱ्यावर नाव असलेला भाऊ मुंबईत आणि शेत कसणारा भाऊ गावात असतो, तेव्हा कुलमुखत्यारपत्र आणि साठेकरार कोणाच्या सहीने होतात ते पाहा.

१८९४ च्या मूळ कायद्यात 'हे संपादनच नको' असे म्हणण्याची रीतसर तरतूद जमीनधारकाला नव्हती. भांडता येत होते ते मोजणीवर आणि मोबदल्यावर. हरकत घेण्याचे कलम, ५-अ, कायद्यात आले १९२३ मध्ये. तोवर मुळशीचे काम सुरू झालेले होते.

एकदा धरण उभे राहिले की काळ त्याच्या बाजूने काम करतो. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात वाद झाला आणि न्या. बच्छावत यांच्या लवादापुढे गेला. लवादाने आधीपासून चालू असलेल्या वापराला संरक्षण दिले. १९७६ मध्ये लागू झालेल्या निवाड्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांचा नावाने उल्लेख आहे: खोऱ्याबाहेर एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त पाणी वळवायचे नाही. ही मर्यादा आहे, पण त्याच वेळी ती हमीही आहे. तीन राज्यांच्या वाटणीत एका खासगी कंपनीचा वापर धरून हिशेब झाला. सोलापूर भागात दुष्काळ पडला की टाटांचे पाणी पूर्वेकडे सोडा अशी मागणी उठते. तेव्हा ती मागणी शंभर वर्षांत बसलेल्या घडीशी भांडत असते.

आणि ही घडी केवळ कंपनीची राहिलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. भिवपुरीतून बाहेर पडलेल्या पाण्यावर कर्जतचा शेतकरी दुसरे पीक घेतो. तेच पाणी पेजमधून उल्हासला मिळते आणि खाली ठाणे जिल्ह्यातल्या शहरांच्या नळांपर्यंत पोहोचते. मावळातून काढलेल्या पाण्याने कर्जतचा भात पिकवला आहे. म्हणून उद्या हे पाणी पूर्वेला वळवायचे ठरले तर विरोधाला पहिल्यांदा कंपनी नव्हे, राजनाल्यावरचा शेतकरी उभा राहील, आणि त्याचे चूक म्हणता येणार नाही. मोठा उद्योग समाजात असा मुरतो: त्याच्या सोयीसाठी झालेल्या व्यवस्थेवर इतरांची पोटे अवलंबून होतात.

आता पाताळगंगेच्या काठाने खाली येऊ. बारमाही पाणी, जवळ वीज, जवळ रेल्वे आणि मुंबई. कारखाने इथे येणारच होते. खोपोलीत पोलादाचे आणि कागदाचे कारखाने आले. रसायनीला १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला. त्या गावाचे नावच रसायनांवरून पडले. एमआयडीसीचे पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र तयार झाले आणि १९८२ मध्ये तिथे रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. तंत्रज्ञान अमेरिकेच्या ड्यूपाँटचे होते.

त्या काळी धागा किती काढायचा हे परवान्याने ठरे, आणि परदेशी धागा किंवा कच्चा माल कोणत्या दराने देशात येईल हे आयातशुल्काने. शुल्कात एक आकडा बदलला की भिवंडी, सुरतच्या मागावर कोणाचा धागा चढणार हे बदलत असे. अशा व्यवस्थेत कारखान्याचा नफा जितका यंत्रावर तितकाच दिल्लीतल्या अधिसूचनेवर ठरतो. १९८६ मध्ये एस. गुरुमूर्ती यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये रिलायन्सविषयी लेखमाला लिहिली आणि सरकारी धोरणे कंपनीला अनुकूल वळवली गेल्याचे आरोप केले. कंपनीने ते नाकारले. त्या वादाच्या खोलात इथे जाण्याची गरज नाही. ज्या कारखान्यावरून तो देशभर गाजला, तो खालापूर तालुक्यात होता, एवढे वाचकाने लक्षात ठेवावे.

औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याने घेतली जाते. गावात लोक त्याला 'बत्तीस-दोनची नोटीस' आणि 'बत्तीस-एक' म्हणतात. ३२(२) म्हणजे तुमचे म्हणणे मांडायची नोटीस. ३२(१) म्हणजे राजपत्रातली घोषणा, जिच्यानंतर जमीन शासनाची होते. हरकतीची खरी वेळ पहिली नोटीस आल्यावरची. पण अनेक घरांत ती घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवली जाते आणि धावपळ सुरू होते ती दुसऱ्या टप्प्यावर.

जमीन गेल्यावर प्रभावाचे रूप बदलते. नोकरीचे आश्वासन असते. राज्य शासनाच्या धोरणानुसार उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्यायच्या, पर्यवेक्षकांच्या जागांत ५० टक्के. पण या नियमातला 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला माणूस. मोहोपाड्याचा किंवा चौकचा रहिवासी नव्हे. मग गावाच्या वाट्याला उरतात ते ठेके: भंगाराचा, गाड्यांचा, मजूर पुरवण्याचा. हे ठेके ज्याच्या हाती, तोच बहुधा पंचायतीत वजनदार होतो. तो कंपनीच्या विरोधात ग्रामसभेत किती बोलेल? शाळेला खोली, गणेशोत्सवाला वर्गणी, रुग्णवाहिका ही मदत चांगलीच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारकच आहे. तो उपकार नाही, कायद्याची बाब आहे. गावाने ती ताठ मानेने घ्यावी आणि नदीत काय सोडता हेही त्याच ताठ मानेने विचारावे.

आता गोष्ट पुन्हा घाटावर येऊन पोहोचली आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने उदंचन जलविद्युत प्रकल्पांसाठी सामंजस्य करार केले: टाटा पॉवरशी शिरवटा (१,८०० मेगावॅट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॅट) यांसाठी, टोरेंट पॉवरशी कर्जत (३,००० मेगावॅट), मावळ आणि जुन्नर यांसाठी. उदंचन म्हणजे दोन तलाव, एक माथ्यावर आणि एक पायथ्याला. दुपारी सौरऊर्जा मुबलक आणि वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा खाली सोडून वीज करायची. चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात. फायदा आहे तो दोन वेळांच्या दरांतल्या फरकाचा. सूर्य मावळल्यावर वीज हवीच आहे, म्हणून अशा प्रकल्पांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण त्याला पुन्हा दरी लागते, जंगल लागते आणि वाड्यांच्या भोवतीची जमीन लागते.

या कामाचा क्रम पाहा. आधी मुंबईत करारावर सह्या होतात, मग वर्तमानपत्रात कोटींचे आकडे येतात, मग डोंगरावर मोजणीची माणसे दिसतात. जनसुनावणी लागू असली तर ती या सगळ्यानंतर येते. करार झाला म्हणजे सगळे झाले असे गावाला वाटते, आणि तसे वाटण्यातच कंपनीचे अर्धे काम होते. प्रत्यक्षात सामंजस्य कराराने कोणाचीही जमीन जात नाही. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा शब्द उरतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधितांची संमती लागते. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट दिली आहे, म्हणून आपला प्रकल्प कोणत्या प्रकारात टाकला आहे हे सर्वांत आधी विचारायचे. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी तिथे अध्यक्ष असतो, आणि उपस्थितीची किमान संख्या ठरलेली नाही. म्हणजे मांडवात दहा माणसे असली तरी सुनावणी झाल्याची नोंद होते.

मुळशीच्या मावळ्यांना हरकत मांडण्याची ही सोय नव्हती. कर्जत-खालापूरच्या लोकांना आहे. पंचायतीच्या फलकावर सूचना लागली की तिचा फोटो काढा, तारीख वहीत लिहा, पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागा. घाटात राहणाऱ्या बहिणीला, मुंबईतल्या भावाला त्याच दिवशी कळवा. हरकत तोंडी सांगितली तरी लेखीही द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.